फ्रॅक्शनल जेट कंपन्यांमधले पायलटांचे पगार टिकतील का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत रीजनल, म्हणजे छोट्या मार्गांवरच्या, एअरलाइनमध्ये उडवणारे पायलट आणि त्यांच्या घरची माणसं मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात: फ्रॅक्शनलवाले आता एवढा पगार देतात खरं, पण हे किती दिवस चालणार? २०२१ नंतर आकडे ज्या वेगाने चढले ते पाहता शंका येणं साहजिक आहे. माझं मत आधीच सांगते. पगाराचा दर टिकेल. त्या दराने किती जणांची नोकरी टिकेल, याची मात्र हमी कुणी देऊ शकत नाही. हे दोन प्रश्न लोक एकात मिसळतात आणि मग चुकीच्या भीतीने चुकीचे निर्णय घेतात. खालची उत्तरं वाचताना हा फरक मनात ठेवा.

फ्रॅक्शनल कंपनी म्हणजे नक्की काय?

चार्टरमध्ये गिऱ्हाईक विमान भाड्याने घेतं. प्रवास संपला की संबंध संपला. फ्रॅक्शनलमध्ये गिऱ्हाईक विमानाचा हिस्साच विकत घेतं. अमेरिकी नियमांनुसार जेटमधला सगळ्यात लहान हिस्सा १/१६ असू शकतो. एका विमानाचे वर्षाला ८०० तास धरले, तर १/१६ हिस्सेदाराच्या वाट्याला ५० तास येतात. त्याने फोन केला की काही तासांत विमान हजर करायचं, ही कंपनीची जबाबदारी. ते त्याच्याच हिस्स्याचं विमान असेल असं नाही. ताफ्यातलं त्याच जातीचं कुठलंही चालतं.

ही कल्पना रिचर्ड सँतुली यांनी १९८६ मध्ये नेटजेट्स या नावाने बाजारात आणली. १९६४ पासून चालत आलेली एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन ही कंपनी त्यांनी १९८४ मध्ये घेतली होती. १९९५ मध्ये विमानं बनवणाऱ्या बंबार्डियरने फ्लेक्सजेट सुरू केली. १९९८ मध्ये वॉरन बफेट यांच्या बर्कशायर हॅथवेने नेटजेट्स ७२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. बफेट त्याआधी तीन वर्षं तिचे गिऱ्हाईक होते. अमेरिकेची विमान नियामक संस्था एफएए हिने या धंद्यासाठी वेगळी नियमावली, म्हणजे पार्ट ९१ मधला सबपार्ट के, २००३ मध्ये आणली.

हिस्सेदार चार प्रकारे पैसे देतो: हिस्स्याची किंमत, दरमहा व्यवस्थापन शुल्क, उडलेल्या तासांचं शुल्क आणि इंधनाचा अधिभार. यातलं दुसरं नीट लक्षात ठेवा, कारण तुमचा पगार बराचसा तिथून येतो.

पगार एअरलाइनपेक्षा वेगळ्या पद्धतीने मिळतो का?

हो, आणि हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. एअरलाइनमध्ये पगार उड्डाणाच्या तासांवर ठरतो. फ्रॅक्शनलमध्ये वार्षिक पगार असतो आणि तो ड्यूटीच्या दिवसांवर बांधलेला असतो. सात दिवस कामावर, सात दिवस घरी, हा सगळ्यांत परिचित रोस्टर. त्या सात दिवसांत तुम्ही रोज चार उड्डाणं केलीत किंवा दोन दिवस हॉटेलात वाट बघत बसलात, मूळ पगार तोच. सुट्टीच्या दिवशी काम केलं किंवा ड्यूटी ठरलेल्या मर्यादेपलीकडे लांबली, तर त्याचे वेगळे पैसे मिळतात.

बऱ्याच कंपन्या तुम्हाला घराजवळच्या विमानतळावरून एअरलाइनच्या तिकिटावर विमानापर्यंत नेतात. बेसच्या, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते त्या, गावी बिऱ्हाड हलवावं लागत नाही. ज्याने वर्षानुवर्षं आपल्या वेळेतून बेसपर्यंत ये-जा केली आहे, त्याला याची किंमत सांगावी लागत नाही. उलट बाजू अशी की उद्या रात्री कुठल्या गावात झोपणार हे आज कळत नाही. बॅगा चढवणं, केबिन आवरणं, खाण्याची ऑर्डर तपासणं ही कामंही पायलटच करतात.

पगार अचानक एवढे का वाढले?

मोठ्या एअरलाइन्सनी वाढवले म्हणून. याचं मूळ मात्र बरंच मागे आहे.

२००७ च्या शेवटी एअरलाइन पायलटांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं, त्यामुळे पाच वर्षं निवृत्त्या थांबल्यासारख्याच झाल्या. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरच्या ३४०७ या उड्डाणाला अपघात झाला. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही, म्हणजे सहवैमानिकालाही, साधारण १,५०० तासांचा अनुभव लागू लागला. नवे पायलट तयार व्हायला जास्त वेळ आणि जास्त पैसा लागायला लागला. मग २०२० आलं. प्रवासी नाहीत म्हणून एअरलाइन्सनी हजारो अनुभवी पायलटांना पैसे देऊन वेळेआधी निवृत्त केलं, आणि वर्षभरातच प्रवासी परत आले.

जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या रीजनल कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर बोनस धरून ताशी ९० डॉलरवर नेला. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मंजूर केला. त्याच वर्षी अमेरिकन आणि युनायटेडचे करार झाले, जानेवारी २०२४ मध्ये साउथवेस्टचा. मोठ्या विमानाच्या सीनियर कॅप्टनचा दर ताशी ४०० डॉलरच्या वर गेला.

आता फ्रॅक्शनल कंपनीच्या जागी उभं राहून बघा. तुमच्याकडचा कॅप्टन शिकलेला आहे, शांत डोक्याचा आहे, आणि त्याच्या ओळखीतला प्रत्येक जण एअरलाइनमध्ये जाऊन दुप्पट कमावतोय. दर आठवड्याला राजीनामे येतायत आणि नेमक्या याच काळात गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये मागणी पेलवेना म्हणून नेटजेट्सला जेट कार्डची, म्हणजे हिस्सा न घेता आगाऊ घेतलेल्या तासांची, विक्री थांबवावी लागली होती. अशा वेळी पगार वाढवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. नेटजेट्सच्या पायलटांनी २०२३ मध्ये रस्त्यावर येऊन निदर्शनं केली आणि २०२४ मध्ये सुधारित करार पदरात पाडून घेतला. बाकीच्या कंपन्यांनाही आपले आकडे हलवावे लागले.

हा सगळा पैसा येतो कुठून? हिस्सेदारांना तो झेपतो का?

एका विमानाचा हिशेब मांडू. खालचे आकडे माझे, गोल आणि समजण्यापुरते आहेत. कुठल्याही कंपनीच्या वहीतले नाहीत.

विमान रोज उडण्याच्या तयारीत ठेवायचं तर रोज दोन पायलट हवेत. सात-सात रोस्टर म्हणजे चार झाले. रजा, आजारपण आणि सिम्युलेटर ट्रेनिंग धरलं की पाच. पगार, विमा, निवृत्तिनिधी, ट्रेनिंग, हॉटेल, तिकिटं असं सगळं मिळून एका पायलटवर वर्षाला तीन लाख डॉलर खर्च मानू. पाच जणांचे पंधरा लाख. विकलेले तास ८००. म्हणजे तासामागे पायलटांचा खर्च १,८७५ डॉलर.

आता तीन लाखांतला निव्वळ पगार दोन लाख धरा आणि तो ३० टक्क्यांनी वाढवा. माणशी ६०,००० डॉलर वाढले, विमानामागे तीन लाख. हे सोळा हिस्सेदारांत वाटले की प्रत्येकाच्या अंगावर वर्षाला १८,७५० डॉलर येतात. लहान जेटच्या १/१६ हिस्सेदाराचं वर्षाचं बिल, हिस्स्याची किंमत सोडून, साडेतीन लाख मानलं, तर ही वाढ पाच-साडेपाच टक्के होते. ज्या माणसाने आधीच काही लाख डॉलर हिस्सा घेण्यात घातले आहेत तो यावरून कुरकुर करेल, पण विमान सोडणार नाही. वेळ वाचवणं आणि आपल्या तंत्राने प्रवास करणं यासाठीच तो इथे आलेला असतो. स्वस्त पडावं म्हणून आलेला नसतो.

हा हिशेब खरा असतो त्याहून थोडा सोपा आहे, हेही सांगायला हवं. हिस्सेदाराला सोडून विमान दुसऱ्याला घ्यायला रिकामं जातं, त्या उड्डाणाचे पैसे थेट कुणी देत नाही. थँक्सगिव्हिंगसारख्या गर्दीच्या दिवसांसाठी कंपनी स्वतःची काही जादा विमानं ठेवते. त्यांनाही पायलट लागतात. म्हणजे प्रत्यक्षातला बोजा माझ्या आकड्यापेक्षा जास्त आहे. पण तो दीडपट धरला तरी निष्कर्ष बदलत नाही.

मग एअरलाइनच्या तुलनेत फ्रॅक्शनलला पगारवाढ जड जाते का?

जाते. मधल्या आकाराच्या जेट विमानात दोन्ही पायलटांचे मिळून ताशी ६०० डॉलर आणि १५० प्रवासी धरले, तर माणशी ४ डॉलर झाले. पगार ३० टक्के वाढवला तर तिकिटामागे तासाला १ डॉलर २० सेंट. प्रवाशाला ते कळतसुद्धा नाही. फ्रॅक्शनलमध्ये हाच बोजा चार-सहा लोकांच्या एका उड्डाणावर बसतो.

म्हणजे पायलटांसाठी स्पर्धा ज्यांच्याशी आहे त्यांना वाढ देणं फार स्वस्त पडतं. म्हणूनच फ्रॅक्शनल पगार एअरलाइनच्या मागे काही पावलं राहून चालतात. एअरलाइनची बरोबरी पैशात करणं जड, म्हणून उरलेलं अंतर घरचा बेस आणि ठरलेल्या सुट्ट्या यांनी भरून काढतात. हे अंतर फार वाढलं की माणसं जातात. मग कंपनी अंतर कमी करते. दर टिकेल असं मी म्हणते त्याचं कारण हेच आहे. तो कुणाच्या उदारपणावर उभा नाही. पायलटला दुसरं दार उघडं असण्यावर उभा आहे.

ते दुसरं दार बंद झालं तर?

अधूनमधून होतं. २०२४ मध्ये नवी विमानं उशिरा येऊ लागली, प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या तपासणीसाठी बरीच विमानं जमिनीवर होती, साउथवेस्टने नवी भरती थांबवली. स्पिरिट या एअरलाइनने पायलटांना फर्लोवर, म्हणजे बिनपगारी घरी, पाठवलं आणि नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा काळात फ्रॅक्शनल कंपनीतून राजीनामे कमी होतात आणि पुढच्या वाढीसाठीची घाईही ओसरते. मिळालेला पगार मात्र सहसा मागे घेतला जात नाही. जिथे लेखी करार आहे तिथे तो घेताच येत नाही, जोवर पायलट स्वतः मान्य करत नाहीत तोवर. धोका वेगळा असतो: दर आहे तिथेच थांबतो आणि महागाई त्याला हळूहळू कुरतडते. आकडा तोच राहतो, घर चालवणं अवघड होत जातं.

२००९ मध्ये नेटजेट्सला प्रचंड तोटा झाला होता ना? तो पगारांमुळेच ना?

हा समज इतका पसरलेला आहे की इथे जरा सविस्तर लिहिते.

२००९ मध्ये नेटजेट्सला करपूर्व ७१.१ कोटी डॉलरचा तोटा झाला. बफेट यांनी त्या वर्षीच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट मांडलं की मालकीच्या अकरा वर्षांत कंपनीने एकूण १५.७ कोटींचा करपूर्व तोटा केला, आणि घेतली तेव्हा १०.२ कोटी असलेलं कर्ज एप्रिल २००९ पर्यंत १९० कोटींवर गेलं. बर्कशायरची हमी नसती तर कंपनी बुडाली असती, हेही त्यांनी लिहिलं.

पण २००९ च्या तोट्याची फोड बघा. ७१.१ कोटींपैकी ६७.६ कोटी हे विमानं आणि इतर मालमत्तेची किंमत वहीत उतरवण्याचे आणि धंदा आकसण्याचे होते. पगारवाढीमुळे पडलेलं ते भगदाड नव्हतं.

मंदीत फ्रॅक्शनल कंपनीचं काय होतं ते पायरीपायरीने सांगते. हिस्सेदाराचा करार ठरावीक वर्षांचा असतो. मुदत संपली की कंपनीने तो हिस्सा बाजारभावाने परत घ्यायचा असतो. चांगल्या काळात परत आलेला हिस्सा लगेच दुसऱ्याला विकला जातो. २००८ च्या शरद ऋतूनंतर सगळे एकदम विकायला आले आणि विकत घ्यायला कुणी नाही. कंपनी रोख पैसे देऊन हिस्से परत घेते आहे, विमानं अंगणात साठतायत, जुन्या जेटचे भाव कोसळलेत, आणि आधी दिलेल्या ऑर्डरची नवी विमानं कारखान्यातून येतच आहेत. शिवाय परत आलेल्या हिस्स्याबरोबर त्याचं दरमहा शुल्कही बंद झालं. पायलटांचा पगार त्या शुल्कातून निघत होता, म्हणून कुऱ्हाड पायलटांवर पडली. पण ते दुखण्याचं कारण नव्हते.

बर्कशायरमधले डेव्हिड सोकोल यांनी नेटजेट्सची सूत्रं घेतली, ताफा कमी केला, कर्ज खाली आणलं. २०१० च्या सुरुवातीला ४९५ पायलट फर्लोवर गेले. त्याच २०१० मध्ये कंपनीने २०.७ कोटी डॉलरचा करपूर्व नफा दाखवला. कामावर राहिलेल्यांचा करारातला दर तसाच होता. गेले ते पूर्ण गेले. कित्येकांना बोलावणं यायला वर्षं लागली. सुरुवातीला सांगितलेला फरक तो हाच.

बंद पडलेल्या फ्रॅक्शनल कंपन्यांचं काय?

फ्लोरिडातली अवांतेअर पियाजिओ अवांती ही टर्बोप्रॉप विमानं चालवायची. ऑक्टोबर २०१२ मध्ये ठरावीक आयुष्याच्या सुट्या भागांच्या नोंदी तपासण्यासाठी तिने स्वतःचा ताफा जमिनीवर ठेवला. त्यातून ती पुन्हा उभी राहिली नाही आणि २०१३ च्या उन्हाळ्यात संपली. सायटेशनएअर, जी आधी सायटेशनशेअर्स होती, विमानं बनवणाऱ्या सेस्नाच्या छत्राखाली २००० पासून चालली आणि २०१४ मध्ये तिने काम गुंडाळलं. पहिलीला देखभाल आणि रोखीच्या टंचाईने मारलं. दुसरी मंदीनंतर पुरेसा आकार टिकवू शकली नाही. जास्त पगार दिल्यामुळे बुडालेली एकही मोठी फ्रॅक्शनल कंपनी मला दाखवता येणार नाही.

लहान ताफ्याची अडचण खरी असते. पन्नास विमानांत एक बिघडलं तर रिकामी उड्डाणं आणि बाहेरून भाड्याने घेतलेली विमानं यांचा खर्च मोठा पडतो. पाचशे विमानांत तो विरून जातो. म्हणून कंपनी निवडताना पगाराच्या तक्त्याआधी ताफा पाहा.

कमी पगार देऊन, सारखी नवी माणसं घेऊन कंपनी चालवता येत नाही का?

काही काळ येते. पण नव्या पायलटला त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याची पात्रता, द्यावं लागतं, सिम्युलेटरचे दिवस लागतात, मग अनुभवी कॅप्टनबरोबर काही आठवडे. या सगळ्या काळात त्याला पगार चालू असतो आणि कामाचा उपयोग शून्य. दोन वर्षांत तो सोडून गेला की सगळा खर्च पुन्हा.

पैशापलीकडेही एक गोष्ट आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. फ्रॅक्शनल पायलट दिवसात तीन वेगळ्या विमानतळांवर उतरतो. त्यातला एखादा डोंगरात, छोट्या धावपट्टीचा, रात्री टॉवर नसलेला असतो. कोलोरॅडोच्या डोंगरातल्या अ‍ॅस्पेनला हिवाळ्यात उतरायचं की नाही हा निर्णय मागच्या सीटवर नाराज हिस्सेदार बसलेला असताना घ्यायचा असतो. तिथे ‘नाही’ म्हणू शकणारा अनुभवी कॅप्टन कंपनीला हवा असेल, तर त्याला टिकवण्याचे पैसे द्यावेच लागतात. हा खर्च वाचवणाऱ्या कंपनीत मी माझ्या माणसाला पाठवणार नाही, ना पुढच्या सीटवर ना मागच्या.

युनियन असलेली कंपनी चांगली की नसलेली?

नेटजेट्सच्या पायलटांची स्वतःची युनियन आहे. २००८ मध्ये ते टीमस्टर्स या मोठ्या कामगार संघटनेपासून वेगळे झाले. सगळ्या फ्रॅक्शनल कंपन्यांत युनियन नाही. जिथे आहे तिथे रेल्वे लेबर अ‍ॅक्ट हा विमान कंपन्यांनाही लागणारा कामगार कायदा लागू होतो. या कायद्यात करार एका तारखेला संपत नाही. तो सुधारणेसाठी खुला होतो आणि नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. संप करायचा तर आधी राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाने दोन्ही पक्षांना मोकळं करावं लागतं आणि त्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं.

याचा अर्थ वाढ उशिरा येते, कधी वर्षानुवर्षं रखडते, पण आली की सहज काढून घेता येत नाही. युनियन नसलेली कंपनी बाजार तापला की लगेच पगार वाढवू शकते. तितक्याच लवकर ती धोरणही बदलू शकते. पगार टिकण्याच्या दृष्टीने मी लेखी कराराच्या बाजूची आहे.

करसवलती काढल्या तर धंदा बसेल का?

मागणीवर परिणाम होईल, यात शंका नाही. धंद्यासाठी हिस्सा घेणाऱ्याला विमानाचा घसारा करात वजा करता येतो. २०१७ च्या कायद्याने तो पहिल्याच वर्षी १०० टक्के करता येऊ लागला. २०२३ पासून ८०, मग ६० असा उतरत गेला. २०२५ च्या कायद्याने १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी पुन्हा १०० टक्के झाला. शिवाय २०१२ पासून फ्रॅक्शनल उड्डाणांवर तिकिटांचा ७.५ टक्के कर लागत नाही. त्याऐवजी इंधनावर गॅलनमागे १४.१ सेंटचा जादा कर आहे.

या सवलती गेल्या तर नव्या हिस्स्यांची विक्री मंदावेल आणि भरती कमी होईल. चालू हिस्सेदार लगेच पळणार नाहीत. पुन्हा तेच: फटका नोकऱ्यांच्या संख्येला, दराला नंतर आणि कमी.

एकाच पायलटवर उडणारी विमानं आली तर?

ती आजही आहेत. फीनॉम ३०० आणि पिलाटस पीसी-१२ एका पायलटने उडवायला प्रमाणित आहेत, तरी फ्रॅक्शनल कंपन्या त्यांत दोघांना बसवतात. सबपार्ट के मध्ये प्रवासी असलेल्या उड्डाणाला दोन पात्र पायलट लागतात. आणि आपल्या मुलांना विमानात बसवणारा माणूस दुसरी सीट रिकामी ठेवून पैसे वाचवा, असं सांगणार नाही.

६५ नंतर इथे उडवता येतं, त्यामुळे जागा अडून राहत नाहीत का?

थोड्या राहतात. ६५ ची अट फक्त एअरलाइन्सना आहे. २०२२ च्या अखेरच्या कायद्याने वर्षाला ७५,००० किंवा त्याहून जास्त जेट उड्डाणं करणाऱ्या कंपनीला ७० ची मर्यादा घालायची मुभा मिळाली. एअरलाइनमधून सक्तीने बाहेर पडलेल्यांना इथे काही वर्षं मिळतात, तरुणांची कॅप्टनची पाळी तेवढी लांबते.

आयुष्यभराचा हिशेब केला तर एअरलाइन बरी की फ्रॅक्शनल?

निव्वळ पैशात मोठी एअरलाइन, जर तुम्ही तरुण वयात तिथे पोचलात तर. ताशी दराइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे निवृत्तिनिधी. मोठ्या एअरलाइन्स कमाईच्या १६ ते १८ टक्के रक्कम स्वतःहून निवृत्ती खात्यात टाकतात; तुम्ही एक पैसा नाही घातलात तरी. फ्रॅक्शनलमध्ये साधारणपणे तुम्ही घाला, मग कंपनी काही भाग घालेल, अशी रीत असते. तीस वर्षांत हा फरक एका घराएवढा होतो. पगारांची तुलना करणारे बहुतेक जण ही ओळ वाचतच नाहीत.

पंचेचाळिशीत असाल, मुलं शाळेत असतील आणि घर हलवायचं नसेल, तर चित्र बदलतं. एअरलाइनमध्ये तुम्ही यादीच्या तळाशी सुरुवात करणार, रिझर्व्हवर, म्हणजे बोलावण्याची वाट बघत, बसणार, कदाचित दुसऱ्या राज्यातल्या बेसवर. फ्रॅक्शनलमध्ये पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये कुठले सात दिवस घरी आहात हे आज सांगता येतं. त्याचा आकडा तक्त्यात मिळत नाही, पण घरच्यांना विचारा, ते सांगतील.

रुजू होण्याआधी कंपनीला काय विचारावं?

पहिला प्रश्न पगाराचा नको. ताफ्यातली किती विमानं हिस्सेदारांच्या पैशांवर आहेत आणि किती कंपनीच्या कर्जावर, हे विचारा. सगळं उत्तर मिळणार नाही, पण कसं टाळतात तेही बोलकं असतं. जेट कार्ड आणि हिस्सेदार यांचं प्रमाण विचारा: कार्डवालं गिऱ्हाईक तास संपले की निघून जाऊ शकतं, हिस्सेदार करारात बांधलेला असतो. २००९-१० मध्ये आणि २०२० मध्ये कंपनी होती का, आणि तेव्हा किती जणांना घरी बसवलं? फर्लोची क्रमवारी सीनिऑरिटीने ठरते की व्यवस्थापनाच्या मर्जीने? टाइप रेटिंगसाठी बाँड, म्हणजे लवकर सोडलं तर खर्च परत करण्याची हमी, लिहून घेतात का, आणि फर्लो झाला तर तो माफ होतो का? ही शेवटची ओळ कागदावर बघा, तोंडी आश्वासन धरू नका. ट्रेनिंगमध्ये असतानाच फर्लो होणारे असतात, आणि त्यांच्या डोक्यावर बाँडचं ओझं राहिलं तर फार वाईट अवस्था होते.

नवऱ्याला कॅप्टन म्हणून नोकरी मिळाली आहे. या पगारावर घराचं कर्ज घ्यावं का?

हा प्रश्न मला पायलटांपेक्षा त्यांच्या जोडीदारांकडून जास्त येतो, आणि हाच सगळ्यांत मुद्द्याचा आहे. कर्जाचा हप्ता मूळ पगारावर बसवा. ओव्हरटाइम आणि सुट्टीतले जादा दिवस त्यात धरू नका, कारण मंदीत पहिलं तेच थांबतं. सीनिऑरिटी यादीत तुमच्या खाली किती माणसं आहेत ते पाहा. खाली यादीच्या चौथ्या हिश्शाएवढी माणसं येईपर्यंत निदान सहा ते नऊ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. भरती जोरात असेल तर तेवढी माणसं दोन-तीन वर्षांत खाली येतात. मंदावली तर जास्त वेळ लागतो आणि तोवर ती शिल्लक मोडू नका. वैद्यकीय प्रमाणपत्र गेलं तर मिळणारा विमा कंपनी देते की स्वतः घ्यायचा, हेही सही करण्याआधी विचारून घ्या.